तोटा कुणाचा, हे आधी ठरवा

आषाढी एकादशीला नारायणगडावर पाय ठेवायला जागा नसते. आमच्या बीड जिल्ह्यात या गडाला धाकटी पंढरी म्हणतात. ज्यांना पंढरपूरपर्यंत जाणं जमत नाही, ती माणसं इथं येऊन माथा टेकतात. यंदा त्या गर्दीत दोन जावांनी रस्त्याकडेला पथारी मांडली होती. पुढं लहान मुलांची दुपटी आणि कापडी पिशव्या, मागं दोरीवर टांगलेल्या तीनच वाकळा. धाकटी गिऱ्हाइकांशी बोलत होती, थोरली पैसे घेत होती. ओळखीतल्या एका बाईनं दुपटं काखेत मारलं आणि "पैसे मागून देते" म्हणाली. थोरलीनं ते हळूच परत घेतलं. म्हणाली, "माय, गडावरचे महाराजसुद्धा नगद नारायण. मग आपुन उधारी कामून करावी?"

सगळ्या हसल्या, दुपटं मागणारी बाईही हसली आणि कनवटीचे पैसे काढून दिले. ज्या संतांमुळे हा गड ओळखला जातो त्यांचं नावच नगद नारायण महाराज, त्यामुळे हा विनोद इथल्या प्रत्येकीला कळतो. मीही हसले. पण मला दोन वर्षांपूर्वीचे दिवस आठवले. तेव्हा या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. मधे एकच भिंत, पण हळदी-कुंकवालासुद्धा एकमेकींच्या दारात जात नव्हत्या. आणि याला बऱ्याच अंशी मी जबाबदार होते. मी, म्हणजे एम.एस.डब्ल्यू. झालेली, दहा-बारा वर्षं बायकांच्या गटांबरोबर काम केलेली कार्यकर्ती. चूक माझ्या एकटीची असती तर मी ती मनात ठेवली असती. पण बायकांच्या उद्योगांना 'मार्गदर्शन' करणाऱ्या आपण बऱ्याचजणी तीच चूक रोज करत आहोत, असं माझं म्हणणं आहे. म्हणून स्पष्टच लिहिते.

झालं ते असं. धाकटीच्या हातात कला आहे. जुनी लुगडी, धोतरं एकावर एक घालून वाकळ आमच्याकडे घरोघर शिवतात. हिच्या वाकळेवर मात्र चित्रं येतात. बैलगाडी, उसाचा फड, पाचटाची कोपी, कोपीबाहेर तीन दगडांची चूल आणि चुलीपाशी बसलेली बाई. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. थोरली तिच्याहून दहा वर्षांनी मोठी. शिवणात तिला गती नाही, पण गटातल्या प्रत्येकीकडे किती बाकी आहे हे वही न उघडता सांगेल. दोघींनी निम्म्या भागीनं वाकळांचा धंदा करायचं ठरवलं. धाकटीचं म्हणणं, शहरातल्या प्रदर्शनात गाळा घेऊ, नवं कापड आणू, पन्नास वाकळा करू, गावातल्या आठ-दहा जणींना शिवायला लावू. त्यासाठी गटामार्फत साठ हजारांचं कर्ज काढायचं. थोरलीचं म्हणणं, आधी पाच करू, त्या विकू, मग बघू.

ही बैठक माझ्यासमोर झाली. थोरलीनं एकच प्रश्न विचारला, "बुडालं तर भरायचं कुनी?"

मी काय उत्तर दिलं असेल? मी म्हणाले, "अक्का, सुरुवातीलाच बुडायची भाषा कशाला? तिला उभारी द्या. तुम्हीच असं मागं ओढलंत तर बाया पुढं जाणार कशा?" बाकीच्या बायांनी माना डोलावल्या. थोरली गप्प झाली आणि तिनं सही केली.

प्रदर्शनात वाकळांचं कौतुक भरपूर झालं. धाकटीचे फोटो निघाले. आमच्या अहवालात ते छापलेही. पन्नासातल्या अकरा विकल्या गेल्या. वीस एका दुकानदारानं उधारीवर नेल्या, त्याचे पैसे आजवर आले नाहीत. उरलेल्या एकोणीस टेम्पोत घालून परत आल्या. हप्ता मात्र थांबत नाही. गटाचं कर्ज म्हणजे सगळ्यांचं कर्ज. एकीचा हप्ता चुकला की सगळ्यांची पत जाते. धाकटीच्या पदरात तान्हं मूल. थोरलीनं त्या वर्षी ठरवलं होतं, मुलीचं दहावीचं वर्ष आहे, यंदा ऊसतोडीला जायचं नाही. दसरा झाल्यावर तिनं आणि तिच्या नवऱ्यानं मुकादमाकडून उचल घेतली, गटाचे पैसे भरले आणि दोघं फडावर गेली. मुलगी आजीपाशी राहिली.

जाताना थोरली मला एवढंच म्हणाली, "बाई, सपान तिचं, शाबासकी तुमची, आन् कोयता माझा."

भित्री कोण?

मैत्रिणींनो, आपल्या प्रशिक्षणांतली भाषा आठवून बघा. मोठं स्वप्न बघा. धोका पत्करा. चाकोरी सोडा. फळ्यावर आपण दोन रकाने काढतो. एका बाजूला कल्पक, धाडसी, पुढं जाणारी बाई, दुसऱ्या बाजूला घाबरणारी, पैपैला जपणारी, मागं राहणारी. जणू हे दोन स्वभाव आहेत, आणि पहिला चांगला, दुसरा वाईट. भागीदारीत भांडण झालं की आपण समजूत घालतो, "तिला थोडं समजून घ्या, तुम्ही थोडं पुढं या." हा मामला समजुतीचा नाही, तो हिशेबाचा आहे, असं मला आता वाटतं. बुडाल्यावर भरायची पाळी जिच्यावर येणार आहे, ती सावध असते. जिच्यावर येणार नाही, तिला स्वप्न बघणं सोपं जातं. धाकटीलाही तोटा भरायला लावला असता तर तिनं पन्नासचा आकडा उच्चारला नसता. आणि तोट्यातला माझा वाटा काय, असं कुणी मला विचारलं असतं, तर माझी जीभही एवढी सैल सुटली नसती.

बीड जिल्ह्यातल्या बाईला हे सांगावं लागत नाही. इथली सगळ्यात मोठी भागीदारी म्हणजे 'कोयता'. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता. उचल त्या जोडीवर मिळते, पण ती बोलायला, घ्यायला, मोजायला पुरुष बसतो. ऊस तोडताना, मोळी बांधताना, रात्री-अपरात्री गाडी भरताना बाई बरोबरीची भागीदार. पैसे हातात येताना ती नसते. खाडा पडला की दंड मात्र जोडीच्या हिशेबात लागतो, आणि हंगाम संपून उचल फिटली नाही तर पुढच्या वर्षी तिलाही जावंच लागतं. तोट्यात ती पुरती भागीदार, नफ्यात मात्र नुसती बाईमाणूस. पाळीच्या दिवसांत, दुखण्याखुपण्यात खाडा परवडत नाही म्हणून या बायकांनी काय काय सोसलं ते २०१९ साली साऱ्या महाराष्ट्रापुढे आलं. शासनानं नेमलेल्या समितीच्या वेळी आमच्या जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड करणाऱ्या बायकांची पाहणी झाली. त्यातल्या १३,८६१ जणींची गर्भाशयं काढलेली होती. बाई तोटा कशानं भरते, याचा हा हिशेब आहे.

अशा भागीदारीत वीस-पंचवीस हंगाम काढलेली बाई "बुडालं तर भरायचं कुनी" असं विचारते, तेव्हा ती भित्री नसते. त्या बैठकीत धंद्याचं सगळ्यात जास्त ज्ञान तिच्यापाशी असतं. तिच्या नावावर जमीन नाही, घर नाही. मुलींना वडिलांच्या मिळकतीत मुलाइतका हक्क महाराष्ट्रात १९९४ ला आणि देशभर २००५ ला मिळाला, पण आमच्या गावात सातबाऱ्यावर किती मुलींची नावं लागली ते मोजायला दोन हातांची बोटं पुरतात. मग तारण कशाचं? तिच्या हातांचं. हात तारण ठेवणाऱ्या बाईला आपण 'धोका पत्करा' असं कुठल्या तोंडानं सांगतो?

कायदा काय म्हणतो, तेही बघू. आपल्याकडे भागीदारीचा कायदा आहे तो १९३२ सालचा. करारात वेगळं काही ठरलेलं नसेल तर नफा सारखा वाटायचा आणि तोटाही सारखाच सोसायचा, असं त्यात आहे. शिवाय भागीदारीच्या देण्याला प्रत्येक भागीदार एकेकटाही जबाबदार धरला जातो. म्हणजे जिच्याकडून काही वसूल होण्यासारखं असेल, तिच्याच दारात येणेकरी बसू शकतो. तोंडी 'निम्मी भागी' म्हणताना या दोघींना हे माहीत नव्हतं. दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी घेतलेल्या मलाही ते सांगायचं सुचलं नव्हतं. बचत गटांचंही तसंच. नाबार्डनं १९९२ साली गट बँकांना जोडायला सुरुवात केली, आणि तारणाऐवजी बायकांची एकमेकींवरची जबाबदारी पुढं केली. त्यातून लाखो बायकांना सावकाराबाहेरचं कर्ज मिळालं, हे खरंच आहे. पण कल्पना एकीची आणि परतफेड सगळ्यांची, हा गुंता त्यातच राहून गेला. त्याबद्दल आपण बैठकांत फारसं बोललो नाही. २०१० साली आंध्र प्रदेशात खाजगी वित्त कंपन्यांच्या वसुलीचा जाच इतका वाढला की सरकारला वटहुकूम काढावा लागला. तरीही आपण धडा घेतला नाही.

खाट आणि स्टोव्ह

"मग काय, बायकांनी कायम पापड-लोणचीच करत बसायची का?" असा प्रश्न लगेच येतो. म्हणून पापडाचंच उदाहरण घेते. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातल्या एका इमारतीच्या गच्चीवर सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली. पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली. पुढं 'लिज्जत' म्हणून जे नाव झालं, त्याची ही सुरुवात. घरात बसून लाटणं हेच बाईचं काम, या समजुतीला लिज्जतनं धक्का लावला नाही, ही टीका आपल्या चळवळीत झालेली आहे, आणि ती मला मान्य आहे. तरी सुरुवातीची त्यांची रीत नीट बघण्यासारखी आहे. नुकसान झालं तरी कुणापुढे देणगीसाठी हात पसरायचा नाही, हे त्यांनी आरंभालाच ठरवून टाकलं. हिशेब चोख ठेवायचा. जी काम करील ती मालकीण, आणि नफ्याबरोबर तोटाही मालकिणींचाच. म्हणजे थोरलीनं विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर त्यांनी पहिल्या दिवशी देऊन ठेवलं होतं.

पहिल्या पावसाळ्यात पापड वाळेनात. चार महिने काम बंद ठेवावं लागलं. देणगी घ्यायची नव्हती, मोठं यंत्र घ्यायला पैसे नव्हते. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट घेतली आणि एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड पसरायचे, खाली स्टोव्ह पेटवायचा. बाहेर पाऊस पडत राहिला आणि काम चालू राहिलं. आता सांगा, ही कल्पकता की काटकसर? हातात ऐंशी हजार असते तर ही खाट कुणाला सुचली असती? पुढं या संस्थेनं आगपेट्या, चामड्याच्या वस्तू असेही उद्योग करून बघितले. काही परवडले नाहीत, ते बंद केले. पण त्यापायी सगळी संस्था बुडाली नाही, कारण प्रयोग करताना किती घालवायचं याचं भान होतं.

दुसरं उदाहरण सातारा जिल्ह्यातल्या म्हसवडचं. माणदेशातल्या बायकांनी चेतना सिन्हांच्या पुढाकारानं स्वतःची सहकारी बँक काढायची ठरवली. रिझर्व्ह बँकेनं पहिल्यांदा परवाना नाकारला, कारण अर्जावर अंगठे होते. बायका साक्षरतेच्या वर्गाला बसल्या. काही महिन्यांनी पुन्हा गेल्या आणि साहेबांना म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो, तुमच्या माणसांना यंत्राशिवाय जमतं का बघा. १९९७ साली बँक सुरू झाली. बायकांची बँक हे केवढं मोठं स्वप्न! आणि ते पुरं झालं ते तोंडी व्याज काढता येणाऱ्या बायकांच्या जोरावर. आपल्या फळ्यावरच्या दुसऱ्या रकान्यातल्या याच त्या बायका. पैपैला जपणाऱ्या.

सावधपणाचीही झडती घेऊ

एका बाजूनंच बोलले तर अन्याय होईल. सावधपणाच्या नावाखाली बाईला घरात कोंडायची रीत फार जुनी आहे. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण पोरीला जितक्या वेळा ऐकवतात तितक्या वेळा पोराला ऐकवत नाहीत. पोरगा ट्रॅक्टर घेतो, पोल्ट्री काढतो, दोनदा बुडतो, तरी घर त्याच्या पाठीशी उभं राहतं. सुनेनं शिलाई मशीन मागितलं की घरभर काटकसर सुचते. आणि आपल्या गटांतल्या थोरल्या बायासुद्धा काही वेळा सावधपणाआड थोरलेपण गाजवतात, हे खोटं कशाला बोला? "कालची पोर, हिला काय कळतंय" हा सूर मी ऐकलेला आहे. आमच्या थोरलीच्या आवाजातही तो कधीमधी यायचा. धाकटी मला एकदा रडत म्हणाली, "ताई, त्यांना बुडायची भीती हाये ते समजतं मला. पण मी काही केलंच न्हाई तर मी रोज बुडतेय, ते कुनाला दिसत न्हाई."

तिचंही खरं आहे. म्हणून जी सावध आहे तिच्यावरही एक बंधन हवं. नुसतं 'नको' म्हणून तिला सुटता येणार नाही. 'नको' म्हणणारीनं 'किती' ते सांगितलं पाहिजे. किती पैसे बुडाले तरी चालतील? किती दिवस वाट बघायची? शून्य असं उत्तर असेल तर तो सावधपणा नव्हे, ती नुसती अडवणूक आहे. आणि स्वप्न बघणारीनंही आपल्या स्वप्नाची किंमत आपणच मोजली पाहिजे.

पहिला हंगाम संपवून थोरली परत आल्यावर मी दोघींना माझ्या घरी बोलावलं. आधी माझी चूक कबूल केली. ते सोपं गेलं नाही. मग वाकळेचा हिशेब काढला. एका वाकळेला कापड आणि दोरा मिळून चारशे रुपये आणि एका बाईचे पंधरा दिवस. प्रदर्शनात ती विकली अठराशेला. म्हणजे चौदाशे रुपयांत पंधरा दिवस, रोजाला त्र्याण्णव रुपये. खुरपणीला गेली तर याच्या कितीतरी पट मिळतात. ज्या अकरा वाकळा विकल्याचा आम्ही आनंद केला, त्यातही तोटाच होता. बायकांच्या हातांची किंमत शून्य धरली म्हणून तो दिसला नव्हता. गंमत म्हणजे हा हिशेब थोरलीनं मांडला आणि "मग किंमत वाढवा" असंही थोरलीच म्हणाली. रोजाला तीनशे धरले तर एका वाकळेचे चार हजार नऊशे होतात. मी बघतच राहिले. मागं ओढणारी बाई ती हीच का?

शाळेच्या वहीच्या पानावर त्या दिवशी चार गोष्टी लिहिल्या. एका हंगामात बुडाले तर बुडू द्यायचे पैसे, आठ हजार. त्याच्यावर एक रुपया लावायचा तर दोघींची सही. तोटा झाला तर निम्मा-निम्मा, धाकटीजवळ रोख नसेल तर ती तितके दिवस शिवून देईल. शिवणाऱ्या हातांची मजुरी आधी काढायची, उरेल तो नफा. आणि चौथी गोष्ट, वर्षातून दोन महिने धाकटीनं वही लिहायची आणि थोरलीनं गिऱ्हाइकापुढं बसायचं. आठ हजारांच्या आत काय होईल याचा विचार करता करता धाकटीला दुपटी सुचली. तीन दिवसांत एक होतं, उरलेलं कापड चालतं, आणि कोपऱ्यात एक लहानशी बैलगाडी काढता येते. बारसं तर प्रत्येक गावात असतं. तिच्या चित्रांना शहराच्या प्रदर्शनाची वाट बघावी लागली नाही.

सगळं गोड झालं असं मी म्हणणार नाही. उचल फिटायला थोरलीचे दोन हंगाम गेले. मुलगी दहावी झाली, पण मार्क घसरले. यंदा दसऱ्याला फडावर जायचं की नाही, हे अजून ठरलेलं नाही. एकादशीला दुपटी बरीच गेली. चार हजार नऊशेची वाकळ एकही गेली नाही. लोक हात लावून बघत होते, भाव ऐकून पुढं जात होते. संध्याकाळी एकानं तीन हजार देऊ केले. धाकटीनं थोरलीकडे बघितलं, थोरलीनं मान हलवली, आणि धाकटीनंच त्याला "नाही" म्हटलं.

आपल्यापुढे आता मागणी ठेवते. उद्योजिकांच्या प्रत्येक प्रशिक्षणात पहिला तास स्वप्नाचा असतो. तो तोट्याचा करा. कर्जाच्या अर्जाआधी 'बुडालं तर कोण, किती, कशातून भरणार' हे गटाच्या वहीत लिहून घ्या आणि वाचून दाखवा. आम्ही संस्थावाले भरीला घालतो, तर आमचाही त्यात काही वाटा असू द्या, निदान परतफेडीच्या बैठकीला हजर राहण्याइतका. अहवालात किती उद्योग सुरू झाले ते छापतो, तसं किती बुडाले आणि कुणी भरले तेही छापू या. पुढच्या बैठकीत आपापल्या गटाची वही उघडा. गेल्या तीन वर्षांत जिनं जिनं 'नको' म्हटलं होतं तिला विचारा, तू तेव्हा काय सांगू बघत होतीस? आणि ती जे सांगेल ते आम्हाला लिहून पाठवा. ते छापलं गेलं पाहिजे.